पुसलेला ‘पु’

पाण्याच्या टाकीपाशी पोचलो तेव्हा घराकडची निम्मी वाट सरली होती. दादा पुढे, मी चार पावलं मागे. त्याच्या शर्टाच्या खिशात गिअरच्या दांड्यावरचा काळा गोळा होता आणि त्या वजनाने खिसा लोंबत होता. दुरुस्तीनंतर फिरवून बघायला काढलेली गाडी मागे रस्त्याच्या कडेला उभी, तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली. दांडा पुढेही जाईना, मागेही येईना. चोराने नेऊ नये म्हणून दादाने गोळा पिळून काढून घेतला होता.

“अडकलेली गाडी कोण नेतोय?” मी म्हणाले.

“चोर मेकॅनिक असला तर?” तो म्हणाला, पण हसला नाही.

त्याच्या मुलाला फोन करू का, असं मी एकदाच विचारलं. त्याने नुसती मान हलवली आणि चालत राहिला. फोन का नको ते मला ठाऊक होतं. गाडी का अडकली तेही ठाऊक होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या शेजारून चालायची मला लाज वाटत होती.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं त्याने बसच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स जोडले. तिथे त्याला कानमास्तर म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, चौथ्याचा दात गेलाय. उघडून बघावं तर गेलेलाच असायचा. वहिनी गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. भावाचं तोंडभर कौतुक करायची मला सवय नाही, पण एवढं सांगते. कुठलाही सुटा भाग तो दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचा, तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तसा, आणि कसलीही खूण न करता बरोबर जागेवर बसवायचा.

अलीकडे मात्र विसरायला लागला होता. मागे एकदा गाडी घेऊन बाजारात गेला आणि भाजीच्या पिशव्या घेऊन चालत घरी आला. गाडी आठवली दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून मुलाने गाडी सोडा म्हणून धोशा लावला होता. त्या सोमवारी फोनवर म्हणाला, “बाबा, मी रविवारी येतोय. स्टेशनवर मला घ्यायला तुम्ही स्वतः गाडी चालवत आलात तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे, अवजारं भंगारात आणि तुम्ही माझ्या घरी.” काळजीपोटीच बोलला तो. पण गाडीचा तिसरा गिअर आधीच खरखरत होता.

दादाने मागच्या खोलीत जुनी चादर अंथरली, शेजारच्या वेल्डरला हाताशी घेऊन गिअरबॉक्स उतरवला आणि एकेक भाग सुटा केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा खुणा केल्या. पांढऱ्या रंगाच्या पेनाने, प्रत्येक भागाच्या पुढच्या बाजूवर ‘पु’. पु म्हणजे पुढे. त्याचा ‘पु’ म्हणजे वाऱ्याने उलटलेली छत्री.

दुपारी तो जरा आडवा झाला होता. मला वाटलं, बिचारा एवढा राबतोय, आपलाही हात लागू दे. रॉकेलचा डबा घेतला, फडका घेतला आणि सगळे भाग भांड्यांसारखे लख्ख करून ठेवले. शेवटचा पुसून झाल्यावर लक्षात आलं, फडका पांढरा झालाय.

तेव्हाच उठवायला हवं होतं त्याला. मी पेन घेतलं आणि आठवेल तसे ‘पु’ काढले. बरेचसे भाग एकाच बाजूने बसतात, ते चुकले तरी चालले असते. पण तिसऱ्या-चौथ्याच्या मधला हब, ती जाड कडी, दोन्ही अंगांनी सारखीच दिसत होती. पुसताना मी ती किती वेळा उलटवली देव जाणे. वर आलेल्या बाजूवर ‘पु’ काढून मोकळी झाले.

संध्याकाळी देवापुढे बसून सगळं सांगितलं. देवाला सांगणं सोपं असतं, तो ओरडत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा जोडायला बसला. मी चहा घेऊन दारात उभी होते. हब हातात आला तसा तो थांबला. तळव्यांत फिरवला. परत फिरवला. “हं,” म्हणाला. मग माझा ‘पु’ बघितला आणि हब बसवला. चहा माझ्या हातातच होता. दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी म्हणाले, “निवतोय बघ.”

टाकीच्या पुढे शाळेची लांब भिंत लागते. तिथे दादाने पाऊल सावकाश केलं.

“डोकं गेलं गं माझं, धाकटे,” तो म्हणाला. “पोरगं खरं बोलतंय. उद्या त्याला फोन करून सांग, अवजारं घेऊन जा म्हणावं.”

मी भिंतीला हात टेकला. मनात देवाचं नाव घेतलं, पण या खेपेला त्याच्यामागे लपले नाही. फडका, रॉकेल, पेन, हब, सगळं सांगितलं. चहासुद्धा सांगितला.

तो भिंत संपेपर्यंत चालत राहिला. मग वळला.

“निम्मी वाट मला स्वतःला वेडा ठरवू दिलंस की गं.”

“हो,” मी म्हणाले.

“शाळेत बक्षीस कशाचं मिळालं होतं तुला?”

“अक्षराचं.”

“तरीच. मला वाटलं, म्हातारपणी माझं अक्षर सुधारलं.”

मला रडू आलं. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं, खिशातला गोळा काढला आणि तळव्यांत फिरवत राहिला.

“हात सांगत होता,” तो म्हणाला. “उलटा आहे म्हणून सांगत होता. मी म्हटलं, हाताला काय कळतंय आता, खूण खरी.” गोळा परत खिशात गेला. “आज शुक्रवार. उद्या सकाळी वेल्डरच्या टेम्पोने गाडी ओढून आणू. गिअरबॉक्स परत उतरवायचा. एक काम करशील?”

“सांग ना. लांबसुद्धा बसेन. कशालाच हात लावणार नाही.”

“लांब नको. तोच फडका घे आणि माझ्या शेजारी बस. एकेक भाग काढून तुझ्या हातात देईन. बसवायच्या आधी सगळे ‘पु’ पुसून टाक. एकही ठेवू नकोस.”