मामाच्या आवाजात घेतलेला लॅपटॉप

स्वस्तात चांगला लॅपटॉप कोणता, हे कळेल म्हणून वाचून राहिले असाल तर सॉरी, इथं फक्त मी कशी शिवी खाल्ली ते कळेल. नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मले आमच्या शहरातल्या गोरखपूर बाजारातलं ते दुकान आठवते. कॉलेजची तीन वर्षं एकाच लॅपटॉपवर काढायची होती, आणि बाबा जुन्या, हळू चालणाऱ्या मॉडेलवर अडले होते, काहून की त्यात फोटो ठेवायला जागा जास्त. मी दुकानदाराची नक्कल करत म्हटलं, "बाबूजी, ये तो बैलगाड़ी है, बाजूवाला घ्या." "तू गप. मामाले विचारतो." बँकेतल्या मामानं फोन उचलला नाही. दुकानदार बिल बनवायला बसला तसा मी बाहेर धावलो, रसवाल्या भैयाचा फोन मागितला, बाबांले लावला आणि मामाचा जाड आवाज काढला, "भाऊजी, मिस्ड कॉल दिसला. लॅपटॉपचं ना? फोटो पेनड्राइव्हमधे मावतील, पण हळू मशीनवर पोराचा परीक्षेचा फॉर्मही अटकेल. फास्टवाला घ्या." "अच्छा. तू आहेस कुठं?" "बँकेत," म्हटलं, अन् तेवढ्यात माझ्या कानाशी ऑटोवाला सवाऱ्यांसाठी ओरडला, "मदन महल, मदन महल!" काचेपलीकडे बाबांनी हळूच रस्त्याकडे मान वळवली. "ठीक आहे," एवढंच म्हणून त्यांनी फास्टवाला घेतला. घरापर्यंत स्कूटरवर मी खोकं मांडीवर धरून बसलो. आज मी बाबांची नक्कल सगळ्यांपुढे करतो, पण फाटकाशी गाडी लावून ते जे बोलले, ते अजून जमत नाही: "मामाच्या आवाजात एवढं नीट समजावता येते ना, नालायका? मग स्वतःच्या आवाजात दात काहून काढत होता?"