पुलाच्या उतारावरचे मेकॅनिक

"कोणी हात लावला होता याला?"

गाडी कोणतीही असो, त्यांचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, बसा नाही. उकिडवं बसायचं, अंगठ्याने बोल्टवरची माती पुसायची आणि गुन्हेगाराचं नाव विचारायचं. तुमच्याही गावात असा एखादा मेकॅनिक असेलच, ज्याच्या मते त्याच्याआधी पाना हातात धरलेले सगळे गाढव होते. आमचे उज्जैनला फ्रीगंजात होते, पुलाच्या उतारावर. वयाने मोठे म्हणून मी अहोजाहो करायची, एवढंच.

त्यांचे पणजोबा म्हणे सरकारी बग्गीखान्यात होते. हे दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. मी शाळेत इतिहास शिकवते. असले पणजोबा उज्जैनच्या प्रत्येक मराठी घरात एकेक आहेत. माझेही आहेत, पण मी ते भाजी घेताना काढत नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती सायलेन्सरच्या पट्टीमुळे. स्कूटरचा सायलेन्सर एका लोखंडी पट्टीने इंजिनाला धरलेला असतो. ती तडकली की सायलेन्सर लोंबतो आणि गाडी गल्लीभर बोंबलत जाते. आमच्या ह्यांनी तो पडद्याच्या तारेने बांधला होता. बांधून झाल्यावर हात झटकत "झालं!" असंही म्हणाले होते.

"कोणी हात लावला?"

"मीच," हे म्हणाले.

"कुठे असता?"

ह्यांनी बँकेचं नाव सांगितलं.

"अरे, माझं खातं आहे तिथे. उद्याच काढून घेतो."

त्यानंतर हे त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. भाजीसुद्धा लांबून आणायला लागले.

एकदा रामघाटावरचे एक पंडितजी आले. त्यांनी सायलेन्सर पूजेत संकल्पाला मनगटावर बांधतात त्या लाल नाड्याने बांधला होता. नाडा जळून टोकं लोंबत होती.

"महाराज, इसका भी संकल्प छुड़वा दिया?"

"भिया, यजमान जल्दी में थे."

"तो यजमान को पीछे बिठा लेते, पकड़के बैठता."

सगळे हसले. पंडितजी बिचारे कानापर्यंत लाल झाले. मला त्या वेळी मेकॅनिकचा मनापासून राग आला होता. माणसाला काम येतं म्हणून त्याने लोकांची अब्रू काढावी का?

पण काम येत होतं, हे नाकारून चालायचं नाही. भोकं जुळली नाहीत की इतर मेकॅनिक सायलेन्सर दामटून जागेवर आणतात आणि बोल्ट आवळतात. ताणात बसलेली पट्टी महिन्याभरात पुन्हा तडकते. आमचे मेकॅनिक आधी सगळे बोल्ट ढिले करत. सायलेन्सर आपल्या वजनाने कुठे राहतो ते बघत, पट्टी वाकवून तिथवर नेत, वेल्डिंग करत आणि सगळ्यात शेवटी आवळत. "ओढून नाही बसवायचं, ताई. ओढून बसवलेलं टिकत नाही." वाक्य चांगलं होतं. दर वेळी ऐकवायचे, त्यामुळे त्यातली गोडी गेली.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी जोडलेली पट्टी तिसऱ्या आठवड्यात तुटली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आठ वर्षं ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर या वेळी माझ्याकडे होतं: तुम्हीच. ते चार माणसांत ठणकावून सांगायचं म्हणून मी मुद्दाम संध्याकाळी, गर्दीच्या वेळी गेले. दोन गिऱ्हाइकं आपापल्या स्कूटर घेऊन निघण्याच्या बेतात होती. हवे तसे साक्षीदार मिळाले.

ते उकिडवे बसले. बोल्ट पुसायला अंगठा पुढे केला, तो बोल्टच्या अलीकडेच हवेत फिरला. मग चाचपडत बोटं पट्टीवर पोचली. तडा एकीकडे होता आणि वेल्डिंग त्याच्या बोटभर बाजूला. मलासुद्धा ते दिसत होतं.

"कोणी हात लावला होता?" त्यांनी मान वर केली. डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते. मला कळलं, यांना दिसत नाही.

घोकून आणलेलं उत्तर मी बदललं. "देवासला दाखवली होती," मी म्हणाले. "तिथल्या एकाने."

"देवासवाले तो ऐसे ही हैं, भिया," म्हणत ती दोन्ही गिऱ्हाइकं हसली आणि गाड्या सुरू करून निघून गेली. मेकॅनिक मात्र हसले नाहीत. बोट वेल्डिंगवरच होतं.

"ताई, हे माझं काम आहे."

"नाही हो, देवासच्या..."

"शेवटी वेल्डिंगचा रॉड गोल फिरवून उचलायची सवय माझी एकट्याची आहे. बोटाला कळते. दया केलीत माझ्यावर?"

त्यांनी बोट पट्टीवरून काढलं.

"चार महिने म्हणतोय, उजेड कमी पडतो. तीन बल्ब बदलले. तुमची पट्टी तुटली तर आवाज होतो, ताई. आत्ता गेले ना दोघं, त्यांचे ब्रेक मी बसवलेत. आज. या डोळ्यांनी."

मी वळून पुलाकडे पाहिलं, दोघंही दिसेनासे झाले होते.

"मास्तरीण ना तुम्ही? पोराचं गणित चुकलं तर रडेल म्हणून बरोबरची खूण करता?"

इतकं कोणी मला आजवर बोललं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. लाज वाटली, फार वाटली. गिऱ्हाइकांचे नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले होते. मी एकेक नंबर वाचून फोन लावत गेले आणि ते बोलत गेले. पहिला पुलावरच सापडला. "भिया, गाड़ी वहीं खड़ी कर दो. चलाके मत लाना." दुसरा घरी पोचला होता, धडधाकट. मग चार महिन्यांतले बाकीचे. प्रत्येकाला तेच: "तुम्हारी गाड़ी मुझसे ठीक नहीं हुई. किसी और को दिखा लो." मी मध्येच म्हणाले, डोळ्यांचं कारण तरी सांगा. "कारण सांगून ब्रेक लागतो का?" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शटर उघडलं नाही. पण ते रोज सकाळी पुलाच्या उतारावर येऊन उभे राहायचे. भिंतीवर नंबर नसलेली काही गिऱ्हाइकं होती, त्यांच्या गाड्या ते आवाजावरून ओळखायचे आणि हात वर करून रस्त्यात यायचे. काही जण थांबायचे. काही शिव्या घालून वळसा मारायचे. ज्यांनी आयुष्यभर लोकांना बोल लावला, ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मी एकदा थांबले, तर म्हणाले, "तुम्ही जा, ताई. तुमचा आवाज मध्ये येतो."

शेवटी एकच गाडी राहिली होती, लहान मुलाला पुढे उभं करून नेणाऱ्या एका बाईची. तिच्यासाठी ते आठ-दहा दिवस उभे होते.

मग एका सकाळी उतारावर कोणीच नव्हतं. ती बाई सापडली असेल, असं मी धरून चालते. पुढे मूल उभं असलेली स्कूटर दिसली की मात्र मी अजून तिच्या मागे जाते, सिग्नलला ब्रेक लागेपर्यंत.