दोघांचा मायक्रोस्कोप

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, बेलफुलांच्या दुकानाला खेटून, एका बड्या लॅबचं कलेक्शन सेंटर उघडलंय. चकचकीत काचा, आत गारेगार हवा, वास मात्र कसलाच नाही. तिथून जाताना माझं नाक उगाच बेचैन होतं. ते फॉर्मालिन शोधतं, शरीरातून काढलेले तुकडे टिकवायचं ते झोंबरं पाणी.

उल्हासनगरच्या ज्या इस्पितळात मी शिकलो आणि आज शिकवतो, तिथल्या पॅथॉलॉजीत फॉर्मालिन असं दरवळे, की स्टेशनवर उतरलेल्या माणसाने डोळे मिटून, नाकाच्या भरवशावर आमच्या दारात यावं. आत आमचे सर. स्लाइड नुसती उजेडाला धरून ते पेशंटचं गाव सांगत. चामटोलीचा असला तर आळीसुद्धा. खोटं वाटत असेल तर आळी सोडा, गावावर तडजोड करू. पण त्यांची एक रीत शंभर टक्के खरी. दोघांना एकच स्लाइड पाहता येईल असा मायक्रोस्कोप होता. समोर विद्यार्थ्याला बसवायचं, स्वतःचा चष्मा खिशात घालायचा आणि म्हणायचं, "आज मी आंधळा. सांग, काय दिसतं?" मग शांतता. रंग दिलेल्या पेशींच्या त्या गुलाबी-जांभळ्या रानात आपण एकटेच भटकत असू, आणि कधीतरी एखादी पेशी ओळखीची मान वळवून बघे.

आता ऑपरेशनात काढलेल्या गाठी, तुकडे, सगळं दुपारी थर्माकोलच्या पेटीत बसून लॅबच्या कंपनीकडे जातं. मोबाइलवर रिपोर्ट उतरतो, रंगीत आणि बिनचूक. बिनचूक असतो हीच पंचाईत, भांडायचं कुणाशी?

बदलापूरहून येणारी माझी विद्यार्थिनी पुढच्या वर्षी पॅथॉलॉजिस्ट होईल. गाठ साधी की कॅन्सरची, ते तिच्या सहीवर ठरेल. परवा सरांची जुनी स्लाइड लावली, चष्मा काढला, तेच विचारलं.

"सर, रिपोर्ट उद्या येईल ना?" थट्टा नव्हती.

"अगं बाई, रिपोर्ट तूच!"

ती वाकली. बाहेर पेटीवाल्याने हॉर्न मारला. मी सवयीने बडबडू लागलो.

"सर, एक मिनिट गप्प बसा ना, प्लीज." डोळे न काढता ती म्हणाली, "इकडे सगळ्या पेशी रांगेत बसल्यात. आणि इथे... रांग मोडून आत घुसल्यात."

रांग मोडून आत घुसणं, हीच तर कॅन्सरची खूण. पेटी तोवर निघून गेली होती, त्या दिवशीच्या सगळ्या गाठी घेऊन.

सर गेले, त्यांच्या स्लाइडा तेवढ्या कपाटात आहेत. पण काचेवरचा रंगही दरवर्षी उडतो. जांभळं आताच फिकं पडलंय. ते पुरतं पुसायच्या आत ह्या पोरीचं किती बघून होईल, ह्याच घोरात मी रोज चष्मा खिशात घालतो आणि गप्प बसायला शिकतो.