तळं किती फुटांवर, घर किती फुटांवर

आमचं गाव धरणात जायचं ठरलं तेव्हा मी चौदा वर्षांची. पाणी कुठवर येणार ते दाखवायला मोजणीवाल्यांनी आमच्या भिंतीवर लाल पट्टा ओढला होता. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "एवढं पाणी चढतंय होय!" शेवटी ट्रकात भांडी चढवली तेव्हा पाणी गोठ्यात शिरलेलं, आणि आप्पा दाराला कडी लावत होते. बुडणाऱ्या घराला कडी, सांगा आता!

तुम्ही पुनर्वसनाच्या वसाहतीत राहिलेल्या सगळ्याजणी फोनवर विचारता, कॅन्ससला मुलाकडे बसून करतेस काय? तर बायांनो, मी तळी बघते. संदीप रविवारी ड्राइव्ह करून नेतो. इथली मोठी तळीसुद्धा बहुतेक धरणांचीच. कुठंही गेलं की मी आधी उंची विचारते, समुद्रापासून किती फूट, आणि वहीत लिहिते. आमच्या जवळचं, लॉरेन्सचं क्लिंटन पावणेनऊशे. पश्चिमेला मिलफर्ड साडेअकराशेच्या आसपास, विल्सन पंधराशेच्या वर, आणि पार तिकडं सीडर ब्लफ एकवीसशेच्याही वर. मुलूख दिसतो पोळपाटासारखा सपाट, पण चढत जातो. गाडीत बसून कळत नाही एवढंच.

आकडे बघून आधी मी घाबरलेच. एवढ्या वरचं पाणी सुटलं तर थेट आपल्या तळ्यात! नात रिया हसून लोळली. "आजी, दॅट्स अ डिफरंट रिव्हर!" असेल बाई. मग म्हटलं, लांबचं राहू दे, आपल्या जवळचं बघू.

कारण संदीपनं त्याच तळ्याकाठचं घर पसंत केलं होतं. इथल्या तळ्यांना दोन पातळ्या असतात, एक रोजची, एक पुराची. रियाला कॉम्प्युटरवर शोधायला बसवलं. पुराच्या पातळीपेक्षा त्या घराचं जोतं जेमतेम तीन फूट वर निघालं.

"आई, लेक व्ह्यू आहे यार! आणि तीन फूट वर म्हणजे सेफच."

"पाण्याला तीन फूट चढायला किती वेळ लागतो, मला विचार."

"हे काय आपलं गाव आहे का?"

"पाणी तेच आहे, संदीप. तू खुशाल सही कर. मी तिथं राहायला यायची नाही."

आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. मीही हटले नाही. आप्पांनी तो लाल पट्टा हसण्यावारी नेला होता, मी नेणार नव्हते. शेवटी सून मधुराच म्हणाली, "जाऊ दे रे, मलाही तिथले डास नकोच होते." ऑफर कॅन्सल केली.

आता टेकाडावरच्या घरात राहतो. तळं दिसत नाही. वारा असा की वाळत घातलेला टॉवेल शेजारी जातो. संदीप अजून टोमणे मारतो, "आई, एव्हरेस्टवर घ्यायचं का पुढचं?" मारू दे. अंगणात मी मेथी पेरलीय, कडेला एक सफरचंदाचं रोप लावलंय. फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात म्हणे. लागू देत. गाव सुटल्यावर आजवर मी कुठं झाड लावलं नव्हतं. वसाहतीतसुद्धा नाही, तुम्ही साक्षीला आहात. इथं लावलं. माझं घर हे.