वेगळं वाण

संकल्प करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. त्यातही चांगुलपणाचा संकल्प करणारे तर डोक्यातच जातात. मी स्वतः त्यांच्यातली होते, म्हणून अधिकाराने सांगते. जेमतेम तीन आठवडे माझा संकल्प टिकला. तेवढ्यात जे नुकसान करायचं ते मी करून ठेवलं.

मिल एकामागून एक बंद पडत होत्या, त्या काळातली गोष्ट. शहराच्या एका टोकाला भोंगे गप्प होत होते आणि पलासियाला, जिथे माझं ऑफिस होतं, तिथे रोज नवी पाटी लागत होती. कुठे कोचिंग क्लास, कुठे केबलवाला, कुठे परदेशी टीव्हीचं दुकान. आम्ही राजेंद्र नगरात राहायचो. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, त्यामुळे जगाकडे जरा वरूनच बघायची सवय लागली होती. नव्या वर्षाला ऑफिसातून डायरी मिळाली. पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं, "रोज एक छोटं चांगलं काम." आणि मागे लागल्यासारखी करत सुटले. पोस्टमनला बळजबरीने चहा पाजला. टेम्पोत एका बाईला माझी जागा दिली. ती पुढच्याच स्टॉपवर उतरणार होती, तरी तिला बसायलाच लावलं. घरी आले की डायरीत लिहायची. नवरा म्हणायचा, "आज कोणाचा नंबर आहे? बिचाऱ्याला पहिलेच सांगून दे, छुपून बसेल." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याच्यासाठी काही चांगलं करावं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मग माझी नजर शेजारणीकडे वळली.

अकरा वर्षांपासूनची शेजारीण. माझी एकुलती एक मैत्रीणच म्हणा, कारण माझ्या स्वभावापुढे दुसरी कोणी टिकली नव्हती. तिचा नवरा मिलच्या टाइम ऑफिसात होता. दिवाळीच्या आधी मिलला कुलूप लागलं. तरी तो रोज सकाळी डबा घेऊन सायकलने निघायचा, बाकीच्यांबरोबर बंद गेटसमोर बसायचा आणि पाचला परत यायचा. ती घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायला लागली होती. टाइमपास म्हणून करते, असं सांगायची. मिल बंद आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यासमोर तो विषय कोणी काढत नव्हतं. मला तो गल्लीचा कोरडेपणा वाटायचा. तो गल्लीचा चांगुलपणा होता, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी तिच्याकडे डबे पाठवण्याचा सपाटा लावला. एकदा उसळ, एकदा गाजराचा हलवा, एकदा नुसताच मसालेभात. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे माझा डबा दर वेळी काहीतरी घेऊन परत यायचा. आधी दोन लाडू, मग मूठभर शेंगदाणे, एकदा नुसती साखर. साखर आली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं, की त्या घरात डब्यात घालायला दुसरं काही उरलेलं नाही. मी ती चहात टाकली आणि डायरीत मसालेभाताची नोंद केली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बारा जणी आल्या होत्या. वाण म्हणून मी प्लास्टिकच्या साबणदाण्या आणल्या होत्या. वाण सगळ्यांना एकच द्यायचं, हे लहान मुलीलाही सांगावं लागत नाही. पण मला त्या दिवशी डायरीत लिहायला काहीतरी मोठं हवं होतं. शेजारणीसाठी मी दोन किलो तुरीची डाळ बांधून ठेवली. साबणदाणी घेऊन ती काय करणार, हा माझा विचार. आणि तो मला फार सुंदर वाटत होता.

कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि एकेकीच्या हातात साबणदाणी ठेवत मी तिच्यापर्यंत पोहोचले. पुडा तिच्या हातात ठेवला तसे तिचे हात खाली गेले. शेजारी एका बँक मॅनेजरची बायको बसली होती. ती हसत म्हणाली, "अरे वा, आम्हाला साबणदाणी नी यांना इतनं वजनदार? आमचं काय चुकलं, वहिनी?"

सगळ्या हसल्या. मीही हसून काहीतरी थाप मारायला हवी होती. मी काय म्हणाले? "अहो, त्यांची मिल बंद आहे ना."

कोणीतरी पोह्यांची बशी उचलली. शेजारणीने पुड्याला पदर लावला, कपाळाशी नेला, पोहे संपवले आणि सगळ्यांबरोबरच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकापाशी आली.

"वाण परत करत नाहीत म्हणून ठेवलंय," ती म्हणाली. "पण शिजवणार नाही. काल हे विचारत होते, डाळ कुठून आली. काय सांगू?"

"सांग ना मी दिली म्हणून. चोरी थोडीच केली?"

"मागच्या दाराने दिली असती तर घेतली असती. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तुमच्या पोळ्या मी केल्या. गल्लीत कोणाला पता आहे?"

कोणालाच नव्हतं. इथे मी माफी मागायला हवी होती. पण मला राग आला. एवढं करून वर ऐकून घ्यायचं, या विचाराने कानशिलं तापली. मी म्हणाले, "अडचणीत माणसाने जरा वाकावं."

"वाकतेच आहे. दिवसभर मशीनवर वाकते. बारा जणींसमोर नाही वाकणार."

मी फाटक आपटून आत गेले. ती डायरी त्याच दिवशी रद्दीत टाकली. त्यात पश्चात्ताप नव्हता, नुसता संताप होता. पश्चात्ताप दोन-तीन दिवसांनी आला आणि मग घरात पाय ठरेना. पण तिच्या दारापर्यंत जाणं काही झालं नाही.

रथसप्तमीला तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मला बोलावणं येईल असं वाटत नव्हतं, पण तिची मुलगी येऊन सांगून गेली. राग गेला, असं मी धरून चालले. दरवर्षी तिच्याकडची तयारी माझ्याच हातची असायची, म्हणून मी चारलाच गेले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. ती बशा पुसत होती. मी तिच्या हातातलं फडकं घ्यायला गेले, तर तिने ते सोडलं नाही.

"बाहेर बसा," ती म्हणाली. "सहाला सगळ्या येतील. सतरंजी घालून देते."

तिने सतरंजी घातली. मी दोन तास त्या सतरंजीवर एकटी बसून होते. उठून घरी जायला लाज वाटत होती आणि आत जायची सोय राहिली नव्हती. मग बायका आल्या. तिने सगळ्यांना हसून कुंकू लावलं, मलाही लावलं. वाण म्हणून तिने एकेक रुमाल दिला, स्वतः पिको केलेला. घरी आल्यावर मी माझा रुमाल दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला. एखादा जास्तीचा टाका, कोपऱ्यात एखादं फूल, माझ्यापुरतं काही वेगळं आहे का ते शोधत राहिले. काही नव्हतं.