भिंतीकडेची जागा

"आत नाही. तिकडे, भिंतीच्या कडेला."

दफनभूमीच्या फाटकात अंकलनी हात आडवा धरला. माझ्या हातात माझा मुलगा. नऊ दिवसांचा. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला.

अंकल म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीचे प्रमुख. ठाण्यातलं जुनं घराणं, पुढचा बाक त्यांचाच. मी वागळे इस्टेटच्या कारखान्यात लेथवर काम करायचो. बाप नगरकडून आलेला, तिकडेच ख्रिस्ती झालेला. पिढी उलटली, तरी यांच्या लेखी आम्ही मिशनच्या फुकट दूधपावडरसाठी धर्मात आलेले.

"बाप्तिस्मा झालाय का? नाही ना? मग पवित्र जमिनीत कसा घेणार?"

"मग तो जाणार कुठं?" मी विचारलं.

"स्वर्गात नाही. नरकातही नाही. अशी मुलं मधेच राहतात."

गाडी किती वाजता आहे ते सांगावं, तसं सांगितलं. मी फादरकडे बघितलं. ते म्हणाले, "ते कमिटी बघते." आणि खाली बघत राहिले.

भिंतीकडेला गवत होतं, फुटक्या कुंड्या होत्या. माती मीच लोटली. क्रूस लावू दिला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "कुठंय तो?" मी म्हटलं, भिंतीजवळ, सावली आहे. ती म्हणाली, "तसं नाही विचारत मी."

दोन वर्षं ती हेच विचारत राहिली. मी चिडत राहिलो, तेही स्वतःवरच.

कारण चूक आमचीच, असं मी धरून चाललेलो. आई ख्रिस्ती खरी, पण बारा दिवसांचं सोयर तिनं सोडलं नव्हतं. आधी बारसं, मग बाप्तिस्मा. चाळीतले आमचे सगळे तसंच करायचे. आठव्या दिवशी पोर तापानं फणफणलं. मी सायकल हाणत अंकलच्या दारात गेलो. म्हटलं, मूल जातंय, फादरना आत्ता बाप्तिस्मा द्यायला सांगा. ते म्हणाले, "बाप्तिस्मा महिन्याच्या शेवटच्या रविवारी असतो. आधी आईबापांचा क्लास पूर्ण करा." दार लागलं. पहाटे पोर गेलं.

मग मुलगी झाली. दवाखान्यातल्या केरळच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती नर्सला बायकोनं रडत सगळं सांगितलं. ती माझ्यावरच ओरडली. "अरे, तूच पाणी का नाय टाकला? मूल मरायला लागला तर कोणपण देतो बाप्तिस्मा. डोक्यावर पाणी, तीन वेळा. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. बस!"

बस. घरात पाण्याची कळशी भरलेली होती. मी मात्र गावभर सायकल हाणत होतो.

मुलीसाठी क्लासला गेलो. शिकवायला अंकलच. वीसेक आईबाप बसलेले. मी उभा राहिलो.

"मूल मरणाच्या दारात असेल तर बाप्तिस्मा कोण देऊ शकतो?"

"कोणीही. हे सगळ्यांना माहीत असतं."

"मी त्या दिवशी तुमच्या दारात आलेलो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

अंकलनी चष्मा पुसला. "तुम्ही विचारलं नाही."

मी टेबलावरचा मुलीच्या बाप्तिस्म्याचा फॉर्म उचलला आणि बाहेर पडलो.

बायको घाबरली. "हिला काही झालं तर?" मी म्हटलं, तर पाणी मी टाकेन. तूही टाकशील. तिला ते शब्द पाठ करायला लावले. मग शेजारणीला सांगितले. चाळीतली एकही पोटुशी बाई सोडली नाही. आता आमचं कुणीही यांच्या दारात धावत जाणार नाही.

आणि भिंतीकडेच्या माझ्या मुलाला आतल्या रांगेत जागा आणि क्रूस मिळेपर्यंत माझी मुलगी यांच्या चर्चमध्ये डोकं वाकवणार नाही. मोठी झाली की तिला मी कारण सांगेन, अंकलचं नाव घेऊन. अंकल पुढच्या बाकावर बसलेले असतील तर तिथंच उभा राहून सांगेन.