साहेबांच्या हातातलं विमान

विमान उडवायला एक लायसन्स, दुसऱ्याला शिकवायला वेगळं, आणि त्या शिकवणाऱ्याची परीक्षा घेणारा माणूस त्याहून वरचा. लोकांना वाटतं, उडवता आलं की झालं. डोंबलाचं झालं! उडवता तर मला येतच होतं. मला मास्तर व्हायचं होतं. आमच्या घराण्यात मेंढरं राखणारे झाले, मजूर झाले, कुणाचा मास्तर मात्र कुणी झाला नव्हता.

मी पिशोरकडचा. आबा, म्हणजे माझे वडील, अजून मेंढरं राखतात. सरकारी शिष्यवृत्तीवर मी वैमानिक झालो आणि संभाजीनगरात भाड्याची खोली घेऊन मास्तरकीच्या परीक्षेची तयारी करू लागलो. वळण कसं शिकवावं, उतरताना शिकाऊ माणसाला काय सांगावं, हे मी रोज शेजारच्या रिकाम्या खुर्चीला समजावून सांगायचो. घरमालकीण दारातून बघायची आणि विचारायची, "बरा हायेस ना रं बाबा?"

या परीक्षेची तऱ्हाच न्यारी. परीक्षक शिकाऊ होऊन डावीकडं बसतो, आपण मास्तर होऊन उजवीकडं. तो मुद्दाम चुका करतो. आपण वेळेत ओळखायचं आणि "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान स्वतःच्या ताब्यात घ्यायचं. दोघांच्याही पुढ्यात विमान चालवायचा दांडा असतोच. फक्त हात पुढं करायचा.

परीक्षक दिल्लीहून आले. वायुदलातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्याशुभ्र, बूट चकाचक. खुलताबादच्या डोंगरावरून वळून येईपर्यंत सगळं झकास चाललं होतं. साहेब अडाण्याचं सोंग करत होते, मी समजावत होतो. मग धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणावर त्यांनी विमानाचं नाक वर ओढलं. स्पीड उतरायला लागला; फार उतरला की विमान हवेत टिकत नाही, खाली कोसळतं. मला दिसलं. देवाशप्पथ, पहिल्या झटक्यातच दिसलं.

"साहेब, स्पीड," मी म्हणालो.

त्यांनी आणखी ओढलं.

"साहेब, स्पीड कमी होतोय, साहेब."

माझा हात मांडीवर. अरे उचल की गाढवा, असं मीच मला म्हणतोय, अन् हात काही जागचा हलत नाही. धोक्याचा भोंगा वाजायला लागला. मी तिसऱ्यांदा "साहेब" म्हणालो, तेव्हा त्यांनीच नाक खाली घातलं, इंजिनचा जोर वाढवला आणि विमान सावरलं.

खाली उतरल्यावर ते चिडलेसुद्धा नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "समझ तो गए थे," ते म्हणाले, "फिर लिया क्यों नहीं?"

का नाही घेतलं, ते मला खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर नापास लिहिलं आणि बरोबरच लिहिलं. शेजारी खराखुरा अडाणी असता तर दोघांचीही राख गोळा करावी लागली असती. पण निकाल बरोबर आहे म्हणून काय कमी झोंबतो? लई झोंबला. खोलीवर आलो आणि ती खुर्ची लाथेनं उलटी केली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कन्नड गाठलं, तिथून जीपनं गावाकडं. आबा लिंबाखाली चहा पीत बसले होते. त्यांना समजेल असं सांगितलं. मोठे साहेब मुद्दाम चुकीचं चालवत होते, मी त्यांच्या हातातून विमान काढून घ्यायला हवं होतं, घेतलं नाही, म्हणून नापास.

आबांनी कपबशी खाली ठेवली. जवळ सरकले आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

"बरं केलंस लेकरा," ते म्हणाले. "येवढ्या मोठ्या मान्साच्या हातातून हिसकून घ्यायचं म्हंजी काय! आपल्याला शोभत नाय ते."

त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. अगदी खरं कौतुक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडून सांगावंसं वाटलं, आबा, ह्याच्यापायीच बुडालो मी, ह्याच्यापायीच!

"व्हय आबा," मी म्हणालो.